रात्र कोणाच्या वाट्याची?

आमचं घर सांगलीच्या गावभागात, पहिल्या मजल्यावर. मी ठाण्याला, बहीण पुण्याला, धाकटा भाऊ टोरांटोला. २०१८च्या पावसाळ्यात दादांना, म्हणजे आमच्या वडिलांना, अर्धांगाचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. २०२२मध्ये ते गेले, तोवर घरीच होते. त्यानंतर आईचं विसरणं वाढलं. ती आजही त्याच घरात आहे. मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस. वैद्यकातलं मला फार कळतं असं नाही, पण घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस असताना घर कसं चालतं हे जवळून पाहिलंय. ओळखीत कोणाकडे असा प्रसंग आला की फोन येतो, "तुम्ही कसं केलं होतं?" फोनवर जे सांगतो तेच इथे लिहितो.

१. पहिला प्रश्न : रात्री कोण उठणार?

पेशंटला घरी आणायचं ठरलं की चर्चा सुरू होते कॉटची, डायपरची, फिजिओची. रात्री दोनला कोण उठणार, हे कोणी विचारत नाही. दिवस कसाही निघतो. पोळ्यांच्या बाई येतात, शेजारी डोकावतात, घरात माणसांची ये-जा असते. रात्री मात्र दर दोन तासांनी कूस बदलायची, लघवीचं भांडं द्यायचं, खोकला आला की उठवून बसवायचं. आणि उद्या पुन्हा तेच. आमच्याकडे हे न बोलता आईवर येऊन पडलं, कारण ती त्याच खोलीत झोपायची. ती तेव्हा सत्तरी ओलांडलेली.

आम्ही भावंडांनी मग एक नियम केला आणि शेवटपर्यंत पाळला. ज्याच्या वाट्याला रात्री आहेत, त्याचं मत आधी. डॉक्टर कोणता, बाई कोणती, नाकातून नळी घालायची की नाही, सगळ्याच बाबतीत. पैसे कोण देतं, थोरलं कोण, डॉक्टरांशी इंग्रजीत कोण बोलतं, हे सगळं त्याच्या मागून. धाकट्याला हे सुरुवातीला पटलं नव्हतं. तो तिकडून व्हॉट्सॲपवर लेख पाठवायचा. दादांना रोज उभं करा, अमुक व्यायाम द्या, तमुक प्रथिनं द्या. डिसेंबरात आला तेव्हा सुट्टीभर रात्रपाळी त्याने घेतली. परत गेल्यावर लेख बंद झाले आणि फोन वाढले. फोनवर पहिला प्रश्न असायचा, "आई, रात्री झोप झाली का गं?"

बाकीची वाटणी अशी झाली : खर्चाचा मोठा वाटा त्याचा, कागदपत्रं माझी, डॉक्टर आणि औषधं बहिणीची. वाटणी बरोबरीची होत नाही. व्हावी असा हट्टही धरू नये, नाहीतर आजारी माणूस बाजूला राहतो आणि भावंडांचा हिशेबच सुरू होतो. कोणाचं काम कोणतं, एवढं स्पष्ट असलं की पुरे.

२. दवाखाना सोडण्याआधी सिस्टरांकडून शिकून घ्या

डिस्चार्ज कार्डावर इंग्रजीत बरंच काही लिहिलेलं असतं, पण पेशंटला कॉटवरून खुर्चीत कसं घ्यायचं ते नसतं. ते सिस्टरांना विचारा आणि त्या करत असताना मोबाइलवर व्हिडिओ घ्या. खुर्ची चांगल्या बाजूला लावायची. लकवा मारलेल्या हाताला धरून कधीही ओढायचं नाही, खांदा निखळतो. लघवीची पिशवी कमरेच्या खालीच राहिली पाहिजे, उचलून कॉटवर ठेवायची नाही. भरवताना माणूस ताठ बसलेला हवा, आणि जेवणानंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. पातळ पाण्याचा ठसका घट्ट पेजेपेक्षा लवकर लागतो, हे तर मला तोवर माहीतच नव्हतं.

डॉक्टरांना एकच विचारा : काय झालं तर पुन्हा आणायचं? उत्तर कागदावर मराठीत लिहून घ्या, कारण तो कागद घरी सांभाळणाऱ्या मावशी वाचणार आहेत, तुम्ही नाही.

आणि शनिवारी संध्याकाळी डिस्चार्ज घेऊ नका. रविवारी ना आया-सिस्टर पुरवणारी ब्युरो उघडी, ना कॉट भाड्याने देणारा फोन उचलतो.

३. आया वेगळी, सिस्टर वेगळी

लोक सरसकट 'नर्स ठेवली' म्हणतात. आंघोळ, स्पंजिंग, डायपर, भरवणं, चालवणं ही आयाबाईंची, आपल्याकडच्या भाषेत मावशींची कामं. इंजेक्शन, जखमेचं ड्रेसिंग, कॅथेटर बदलणं, नाकातली नळी निघाली तर पुन्हा घालणं ही शिकलेल्या सिस्टरची. मावशींच्या कामाला सिस्टरचे पैसे मोजणारी घरं मी पाहिली आहेत. मावशींना 'घाला हो नळी, तुम्हाला येतं' म्हणणारीही पाहिली आहेत. पहिल्यात फक्त पैसे जातात. दुसऱ्यात नळी अन्नाच्या वाटेऐवजी फुप्फुसाच्या वाटेला लागू शकते.

आम्हाला मिरज जवळ असण्याचा फायदा झाला. मिशन हॉस्पिटलपासून मिरज दवाखान्यांचं गाव. तिथे ड्यूटी संपवून तासाभरासाठी घरी येणाऱ्या सिस्टर मिळतात. दिवसभर मावशी आणि लागेल तेव्हा सिस्टर, ही जोडी आम्हाला सगळ्यात सोयीची पडली. तुमच्या गावात ज्या दवाखान्यातून पेशंटला सोडलं, तिथल्याच वॉर्डात हळू आवाजात विचारा. पत्ता तिथेच मिळतो.

ब्युरोतून बाई घेणार असाल तर दोन गोष्टी आधी विचारा. बाई आली नाही तर बदली किती तासांत? आणि आपण देतो त्यातले बाईच्या हातात किती पडतात? दुसऱ्या प्रश्नाला उडवाउडवी झाली तर ती बाई टिकणार नाही असं समजा. एका ब्युरोकडून आमच्याकडे दर थोड्या दिवसांनी नवा चेहरा यायचा. प्रत्येकीला दादांच्या सवयी पहिल्यापासून सांगायच्या, आणि दादा प्रत्येकीकडे अनोळखी नजरेने बघायचे. शेवटी पोळ्यांच्या बाईंनी आपल्या नात्यातल्या एकीला आणलं. त्या कवठेमहांकाळकडच्या. त्या राहिल्या.

४. चोवीस तासांची बाई चोवीस तास जागी राहू शकत नाही

हे वाचताना सोपं वाटतं. पण 'एवढे पैसे घेते आणि दुपारी झोपते' हे वाक्य मी किमान चार घरांत ऐकलंय. जी बाई रात्री चारदा उठते, तिला दुपारी दोन तास दार लावून झोप मिळालीच पाहिजे. त्या वेळी घरातलं कोणी बसेल, हे आधीच ठरवून ठेवायचं. तिला स्वतःची कॉट हवी, कपड्यांना कपाटातला एक कप्पा हवा, मोबाइल चार्ज करायला जागा हवी. आपण जे खातो तेच तिचं जेवण. तिचा चहा तिच्या हाताने, विचारावं न लागता. महिन्यातल्या सुट्ट्या तारखेनिशी ठरलेल्या. पगार एक तारखेला. तिची मुलं गावी सासूजवळ असतात, संध्याकाळी तिचा फोन चालतो, तो चालू द्यावा. भांडी आणि फरशी तिच्या गळ्यात घालू नयेत.

उचल मागितली जाते, बहुधा जूनमध्ये शाळेसाठी. द्यावी, वहीत लिहावी, तिची सही घ्यावी आणि हप्त्याने कापावी. बँकेत आयुष्य गेल्यामुळे सांगतो, वहीत लिहिलेली उचल भांडण करत नाही, तोंडी दिलेली करते. घरकामगारांसाठी महाराष्ट्रात २००८चा कायदा आहे, त्याखाली कल्याण मंडळ आहे. तिची तिथे नोंदणी नसेल तर कागद गोळा करायला मदत करा. पोलीस ठाण्यात माहिती द्यायची असेल तर तिला सांगून द्या. आणि आपलाही पत्ता, घरातल्या दोघांचे नंबर तिच्या घरच्यांना द्या. परक्या घरात ती येते आहे, आपण तिच्याकडे जात नाही.

आमच्या गावभागातल्या घरात आणखी एक प्रश्न होता, तो लपवून ठेवण्यात अर्थ नाही. आईने पहिल्या दिवशी मावशींना आडनाव विचारलं. त्यामागे काय असतं ते सगळ्यांना कळतं. बहिणीने तिथल्या तिथे सांगितलं, "आई, दादांना उचलणारे हात आहेत ते. त्यांच्या हातचं पाणी चालत नसेल तर रात्री तूच उठ." आईने तो प्रश्न पुन्हा केला नाही. स्वयंपाकघरात मावशींना मोकळेपणाने वावरायला मात्र सहा महिने गेले. अशा घरांनी हे आपसात आधीच बोलून घ्यावं, बाईच्या समोर नव्हे.

दादांची अडचण वेगळी होती. बाईमाणसाकडून आंघोळ घालून घ्यायला ते तयार नव्हते. अंगाला पाणी लागू द्यायचे नाहीत. त्याला हट्ट म्हणून चालणार नव्हतं, चाळीस वर्षं शाळेत मास्तरकी केलेला माणूस तो. एका दवाखान्यातून निवृत्त झालेले वॉर्डबॉय मामा सकाळी तासभर येऊ लागले, तेव्हा तो तिढा सुटला. मामा दाढीही करून द्यायचे. दादांना त्याचं सुख आंघोळीपेक्षा जास्त होतं.

५. सामान आधी भाड्याने, मग विकत

डोकं वर-खाली होणारी कॉट, व्हीलचेअर, ऑक्सिजनचं मशीन, सगळं भाड्याने मिळतं. अनेक गावांत सामाजिक संस्था नाममात्र अनामत घेऊन रुग्णोपयोगी साहित्य देतात. आधी तिथे विचारा. विकत घ्यायचं ते कमोडची खुर्ची, न्हाणीघरात बसायचं स्टूल, भिंतीत पक्के बसवलेले दांडे आणि हवेची गादी.

हवेच्या गादीवर आईने मायेने गोधडी घातली होती. गादीचा उपयोग तिथेच संपला. त्या गादीवर एक पातळ चादर, तीही सैल, एवढंच चालतं. आणि गादी आहे म्हणून कूस बदलणं थांबत नाही. माकडहाड, टाचा, खुबे रोज उजेडात बघायचे. लाल झालेली जागा बोटाने दाबून पांढरी होत नसेल तर तो बेडसोअरचा आरंभ आहे, त्याच दिवशी सिस्टरना फोन.

जुन्या घराचे दरवाजे अरुंद असतात, व्हीलचेअर आणण्याआधी टेपने मोजा. उंबऱ्यावर आई रोज हळदीकुंकू घालायची, तो काढणं शक्य नव्हतं. सुताराकडून दोन्ही बाजूंना लाकडी उतार करून घेतला. पायपुसणी उचलून ठेवली, संडासाच्या वाटेवर रात्रभर जळणारा छोटा दिवा लावला. न्हाणीघराची कडी बाहेरूनही उघडता येईल अशी हवी. आत पडलेला माणूस कडी काढू शकत नाही. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी आपल्या लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावतं का ते आजच बघावं. आमच्या ठाण्याच्या इमारतीत मावत नाही.

६. पूर, टाळेबंदी आणि वीज

ऑगस्ट २०१९मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं होतं. तिथे इशारा पातळी चाळीस फुटांची आणि धोका पातळी पंचेचाळीस फुटांची. सांगलीकर पाणी किती फुटांवर आहे ते बघून ठरवतात; 'इतक्यात काही येत नाही' असं म्हणत थांबतात. धडधाकट माणूस थांबू शकतो. ज्याला खुर्चीत बसवून चार जणांनी जिना उतरवायचा आहे, त्याने इतरांच्या एक दिवस आधी निघायचं. आम्ही पाणी चाळिसाला पोचायच्या आत दादांना विश्रामबागेत मावसभावाकडे हलवलं. तालमीच्या पोरांनी खुर्ची उचलली. नंतर गल्लीत वीज नव्हती, म्हणजे हवेच्या गादीचा पंपही बंद पडला असता. ज्यांच्याकडे ऑक्सिजनचं मशीन आहे त्यांनी भरलेला सिलिंडर आणि इन्व्हर्टर यांचा हिशेब पावसाळ्याआधीच करावा. पंधरा दिवसांची औषधं आणि फाईल प्लास्टिकच्या पिशवीत, दाराजवळ.

पुढच्याच वर्षी टाळेबंदी आली. कवठेमहांकाळच्या मावशी आमच्याकडे अडकल्या आणि कुपवाडहून येणाऱ्या दिवसाच्या ताईंना येता येईना. तेव्हा आईला आणि वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंच्या मुलाला सगळं येत होतं म्हणून निभावलं. घरातली कामं एकाच माणसाला येत असतील तर ती व्यवस्था नव्हे.

७. कागद शुद्धीत असताना

हा माझा प्रांत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मुखत्यारपत्र करून ठेवलं म्हणजे काम झालं, असा मोठा गैरसमज आहे. आपल्या कायद्यात मुखत्यारपत्र देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की ते संपतं. म्हणजे नेमकं लागतं तेव्हाच ते उपयोगी नाही. त्यापेक्षा बचत खातं आणि ठेवी 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' पद्धतीने जोडनावावर असू द्या. सही होत नसेल तर अंगठा चालतो, साक्षीदार लागतात. सत्तरीपुढच्या आणि आजारी खातेदारांना घरपोच सेवा द्यावी, अशी रिझर्व्ह बँकेची २०१७ची सूचना आहे. शाखेत जाऊन त्या सूचनेचा उल्लेख शांतपणे करा, काम पुढे सरकतं.

नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. नॉमिनीच्या हातात पैसे येतात, मालकी वारसांची किंवा मृत्युपत्रात लिहिलेल्यांची. मृत्युपत्र नोंदवलंच पाहिजे असं नाही, पण दोन साक्षीदार हवेत आणि ज्याला काही मिळणार आहे तो साक्षीदार नको. वय झालेलं असेल तर त्याच दिवशीचं डॉक्टरांचं पत्र सोबत जोडा. पुढे भावंडं भांडली तर तोच कागद कामाला येतो.

पेन्शनवाल्यांना नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. केंद्राच्या ऐंशीपुढच्या निवृत्तांना तो १ ऑक्टोबरपासून देता येतो. म्हाताऱ्या बोटांचे ठसे मशीनवर उमटत नाहीत. आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही जीवन प्रमाणपत्र निघतं, आणि पोस्टाच्या बँकेचा पोस्टमन घरी येऊनही ते करून देतो. कुटुंब निवृत्तिवेतनासाठी आईचं नाव आणि जन्मतारीख पेन्शनच्या कागदावर आणि आधारवर सारखीच आहे ना, ते दोघं असतानाच तपासा.

सत्तरी पूर्ण झालेल्या कोणालाही, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४पासून आयुष्मान कार्ड मिळतं. वर्षाला पाच लाखांपर्यंतचा दवाखान्यातला खर्च त्यातून होतो. घरच्या मावशींचा पगार त्यात येत नाही. आरोग्य विमा नसलेल्या ज्येष्ठांच्या औषधोपचाराच्या खर्चावर जुन्या करपद्धतीत ५० हजारांपर्यंत वजावट मिळते, म्हणून बिलं ठेवा आणि ती रोखीने भरू नका.

आणि तो एक विषय, जो आपल्या घरांत 'अभद्र बोलू नकोस' म्हणून बंद केला जातो. दादांना वाचा थोडी परत आली तेव्हा ते स्वतःच म्हणाले, "शेवटी नळ्या घालू नका." सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये अशी इच्छा आधी लिहून ठेवायला मान्यता दिली आणि २०२३मध्ये पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. दादांची इच्छा आम्ही तेव्हाच लिहून घेतली होती. पुढे डॉक्टरांशी बोलताना आमच्यात मतभेदच झाले नाहीत, कारण मत आमचं नव्हतंच.

त्याच ओघात हेही सांगतो. घरी मृत्यू झाला तर कारणाचं प्रमाणपत्र शेवटच्या आजारात उपचार करणारे डॉक्टर देतात. म्हणून घरी येणारा, माणसाला ओळखणारा एक डॉक्टर जवळच्या गल्लीत असलाच पाहिजे. दादा पहाटे गेले, डॉक्टर अर्ध्या तासात आले. ज्यांच्याकडे असा डॉक्टर नसतो त्यांची त्या दिवशी फार वणवण होते. मृत्यूची नोंद एकवीस दिवसांत करायची.

८. अचानक बडबड सुरू झाली तर ते वय नव्हे

एका दुपारी दादा असंबद्ध बोलू लागले, मला शाळेचा शिपाई समजून घंटा द्यायला सांगू लागले. भेटायला आलेले म्हणाले, भ्रम झाला, वय झालं. बहिणीने फोनवरूनच रक्त तपासायला लावलं, सोडियम खाली गेलं होतं. म्हाताऱ्या माणसात रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी ते घसरतं आणि वरून मीठही तोडलेलं असतं. लघवीतल्या जंतुसंसर्गानेही असंच होतं, ताप न येता. माणूस दोन दिवसांत बदलला तर रक्त आणि लघवी तपासा. काही महिन्यांत हळूहळू बदलला तर तो वेगळा आजार.

औषधांसाठी एकच वही आणि ती सगळ्या डॉक्टरांना दाखवायची. हृदयाचे वेगळे, मेंदूचे वेगळे, हाडांचे वेगळे. प्रत्येकजण आपली गोळी वाढवतो, दुसऱ्याची कमी करत नाही. दर काही महिन्यांनी घरच्या डॉक्टरांना विचारायचं, 'यातली कोणती बंद करता येईल?' झोपेच्या गोळीवर असलेलं माणूस रात्री उठताना पडतं. आमच्या मावशींना फार लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून डबीवर बहिणीने सूर्य, ताट आणि चंद्र काढून ठेवले होते. थायरॉइडची गोळी मात्र उपाशीपोटी, चहाच्या अर्धा तास आधी. तिची डबी वेगळी, उशाशी.

९. सेवा करणाऱ्याला सुट्टी

आईचं मंगळवारचं भजनी मंडळ झटक्याच्या दिवसापासून बंद झालं होतं. आम्ही सांगून ती जायला तयार होईना. 'मी पेटीवर बसलेय आणि इकडे काही झालं तर?' भजनी मंडळच आमच्या घरी भरवायला लागलो, खालच्या सोप्यात. नंतर ती आपण होऊन बाहेर जाऊ लागली.

ती तिचे गुडघे, तिचं बीपी लपवत होती, हे दादा गेल्यावर कळलं. नावं विसरणंही सगळ्यांनी दमणुकीच्या खात्यावर टाकलं होतं. आजारी माणसाला तपासायला डॉक्टर घरी आले की सेवा करणाऱ्याचंही बीपी बघायला सांगा. फी वेगळी द्या.

आता आई संध्याकाळी अस्वस्थ होते. दादा शाळेतून अजून आले नाहीत म्हणून दारात जाऊन उभी राहते. 'दादा गेले' हे सांगणं म्हणजे तिला दर संध्याकाळी नव्याने विधवा करणं. मावशी म्हणतात, "पालकसभा आहे, उशीर होईल म्हणालेत. तोवर शेंगा सोलू या." त्या खोटं बोलतात असं मला वाटत नाही. बाकी खबरदारी म्हणून गॅसचा कॉक बाहेरून बंद होतो, आईच्या गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात माझा नंबर कोरलेली पट्टी आहे.

१०. भेटायला येणारे

केळी आणतात. डझनावारी. आणि 'आमच्या एका नातेवाइकाला अमक्या काढ्याने फरक पडला' हेही आणतात. त्यांना नम्रपणे सांगा, केळी नकोत, तासभर बसा, तेवढ्यात मावशी झोपून घेतील. जे बसतात ते आपले.

११. घर पुरत नाही, अशीही वेळ येते

घरीच ठेवलं म्हणजे पुण्य आणि संस्थेत ठेवलं म्हणजे पाप, हा हिशेब मला मान्य नाही. जखमा वाढत असतील, माणूस मारायला धावत असेल, सेवा करणारी व्यक्ती स्वतः आजारी पडत असेल, तर चांगली संस्था घरापेक्षा बरी. बघायला जाताना सकाळी अकराला, कार्यालयाच्या वेळेत जाऊ नका. संध्याकाळी सातला, जेवणाच्या वेळी जा. नाकाला जे कळतं ते माहितीपत्रकात नसतं.

आणि जिथे मुलं काहीच करत नाहीत, तिथे २००७चा आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे. प्रांतांकडे न्यायाधिकरण असतं, निर्वाह खर्च मागता येतो. सांभाळण्याच्या अटीवर घर नावावर करून दिलं आणि सांभाळलं नाही, तर ते बक्षीसपत्र रद्दही करून घेता येतं. पण ती अट कागदात लिहिलेली असावी लागते. ज्येष्ठांसाठी १४५६७ हा देशभरचा मोफत हेल्पलाइन नंबर आहे. शेजारच्या आजी-आजोबांच्या भिंतीवर तो मोठ्या आकड्यांत लिहून चिकटवा.

तुमचे आई-वडील आज हिंडते-फिरते असतील तर यातलं बहुतेक काही आत्ता लागणार नाही. दोन कामं मात्र या दिवाळीला घरी जाल तेव्हा उरका : बँकेत जाऊन खातं जोडनावावर करा आणि न्हाणीघराची कडी बदला.